आधी बसायला शिकू

(जेद्दा येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या शुक्रवारच्या एका मेळाव्यात एका व्यायामशिक्षकांनी मुलांपुढे केलेले हे भाषण आहे.)



मेळाव्याच्या आधी तुमच्याकडून प्रश्नांच्या चिठ्ठ्या मागवल्या होत्या. त्या मी सगळ्या वाचल्या. एका मुलाने लिहिले आहे, "आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर जिम आहे. तिथे मोठी मुले खांद्यावर लोखंडी दांडी घेतात, खाली बसतात आणि पुन्हा उठतात. मला ते कधी करता येईल?" एका मुलीने विचारले आहे, "मुलींनी वजन उचलले तर चालते का?" आणि एका चिठ्ठीत आहे, "वजन उचलले की उंची खुंटते, असे आजी म्हणते. खरे का हो सर?"

प्रश्न चांगले आहेत. आज त्यांच्यावरच बोलू या.

खांद्यावर दांडी घेऊन बसण्या-उठण्याच्या या व्यायामाला स्क्वॉट म्हणतात. त्या दांडीला बारबेल म्हणतात. नावे इंग्रजी असली तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. आपल्या तालमीतले पैलवान शेकड्यांनी बैठका मारतात ना? तीच ही बैठक. फक्त खांद्यावर वजन आले. मात्र वजन आले की बैठकीची रीत थोडी बदलते. ती कशी, ते पुढे सांगतो.

आधी मुलीच्या चिठ्ठीचे उत्तर. ऑक्टोबर २०२१मध्ये याच जेद्दा शहरात जगभरातल्या १३ ते १७ वर्षांच्या मुलामुलींची जागतिक भारोत्तोलन स्पर्धा झाली होती. भारोत्तोलन म्हणजे वजन उचलण्याचा खेळ. या खेळातल्या चकत्या मोठ्या गमतीच्या असतात. लाल चकती २५ किलोची, निळी २० किलोची, पिवळी १५ किलोची आणि हिरवी १० किलोची. सगळ्यांचा घेर सारखाच. त्यामुळे लांबून नुसता रंग पाहून दांडीवर किती वजन आहे ते सांगता येते.

त्याच्या पुढच्याच वर्षीची गोष्ट ऐका. पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना वाटेत वडगाव मावळ लागते. तिथली हर्षदा गरुड ही मुलगी मे २०२२मध्ये ग्रीस देशात जागतिक कनिष्ठ गटाच्या स्पर्धेत उतरली. तिचा गट ४५ किलो वजनाचा. म्हणजे तिचे स्वतःचे वजन ४५ किलोपेक्षा जास्त असून चालणार नव्हते. तिने 'स्नॅच' या प्रकारात ७० किलो उचलले आणि 'क्लीन अँड जर्क' या प्रकारात ८३ किलो. एकूण १५३ किलो. त्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली. तेव्हा मुलींनी वजन उचलले तर चालते का, हे आता मी वेगळे सांगायला नको.

आता यात एक मेख आहे. हर्षदाने ७० किलो ताठ उभे राहूनच डोक्यावर नेले असतील, असे तुम्हांला वाटेल. तसे नसते. दांडी जमिनीवरून वर येत असते, त्याच क्षणी खेळाडू झपकन तिच्या खाली बसतो. हात वर ताठ, दांडी डोक्यावर, आणि स्वतः पूर्ण उकिडवा! तिथून तो उठतो. ज्याला नीट बसता येत नाही तो उठणार कसा? म्हणून या खेळातली मुले दिवसचे दिवस स्क्वॉटचा सराव करतात.

बरे, तुमच्यापैकी किती जणांना टाचा न उचलता उकिडवे बसता येते? बसून दाखवा पाहू.

(मुले बसतात.)

अरे अरे! चौघे मागे कलंडले! हसू नका कोणी, त्यांचा दोष नाही. गावाकडे आजी अंगणात उकिडवी बसून भांडी घासते, तेव्हा तिच्या टाचा जमिनीला चिकटलेल्या असतात. तिला कोणी स्क्वॉट शिकवलेला नाही. लहानपणापासून ती तशी बसत आली आहे, म्हणून तिचे घोटे, गुडघे आणि कंबर मोकळी राहिली. इथे आपण खुर्चीवर जेवतो, मोटारीतून शाळेत जातो आणि लिफ्टने वर येतो. ज्या सांध्याला काम नाही तो आखडतो. घोटा आखडला की खाली बसताना टाच वर उचलली जाते किंवा माणूस मागे पडतो. तेव्हा दांडीचे नंतर पाहू. आधी बसणे.

निळ्या सदऱ्यातल्या मुला, तू इकडे ये. ही काठी घे. झाडूची काठी आहे, घाबरू नकोस! आता सगळ्यांनी याच्याकडे पाहा.

पाय खांद्यांइतके फाकव. पावले थोडी बाहेरच्या बाजूला वळव. सगळे पाऊल जमिनीवर टेकलेले हवे. अंगठा, करंगळी आणि टाच, तिन्ही. छातीभर श्वास घे आणि पोट घट्ट कर. कोणी पोटात गुद्दा मारणार असेल तर आपण कसे घट्ट करतो, तसे. आता मागे बुटके स्टूल आहे असे समज आणि त्यावर हळूच बस. कंबर मागे आणि खाली. छाती वर. नजर समोर.

थांब! गुडघे पाहा याचे. ते आत, एकमेकांकडे चालले आहेत. ही चूक बहुतेकांची होते. गुडघ्याने पावलाच्या बोटांच्या दिशेनेच जायला हवे. पाऊल एकीकडे आणि गुडघा दुसरीकडे गेला तर गुडघ्याला पीळ बसतो. काठीने काही होणार नाही. पण खांद्यावर वजन असते तेव्हा हाच पीळ गुडघ्याला महागात पडतो. हं, आता बरोबर. मांड्या जमिनीला समांतर झाल्या. आता पावलांनी जमीन खाली ढकल आणि ऊठ. उठताना श्वास सोड. शाबास!

तालमीतल्या बैठकीशी ताडून पाहा. पैलवान बैठक मारताना हात झोकतो, टाचा उचलतो, चवड्यांवर येतो आणि झटक्यात उठतो. त्याच्या खांद्यावर काही नसते, म्हणून ते चालते. त्याला त्यातून चपळपणा आणि दम कमवायचा असतो. दांडी घेतल्यावर टाच उचलली तर मात्र सगळा भार पुढे जातो आणि माणूस तोंडावर येतो. तुमच्या आजोबांनी तुम्हांला बैठका शिकवल्या असतील तर त्या अवश्य मारा. फक्त ती टाच उचलण्याची सवय दांडीखाली न्यायची नाही.

गवंडी भिंत बांधताना ओळंबा सोडतो, ते पाहिले आहे का? दोरीला लोखंडी वजन बांधलेले असते. दोरी सरळ खाली लोंबते आणि तिच्यावरून भिंत सरळ आहे की नाही ते कळते. स्क्वॉट करताना दांडीच्या टोकापासून असा ओळंबा सोडला, तर तो पावलाच्या मध्यावर यायला हवा. बसताना आणि उठतानाही. दांडी या रेषेच्या पुढे गेली की तेच वजन पाठीला कितीतरी जड लागते. खोटे वाटते? घरी गेल्यावर पाण्याची भरलेली बाटली आधी छातीजवळ धरा. मग हात लांब करून धरा. बाटली तीच, पण हात लगेच भरून येईल.

सुट्टीत गावी जायची वेळ आली की हाच प्रकार दिसतो. बॅगा खाऊने आणि कपड्यांनी गच्च भरलेल्या असतात. बाबा पाय ताठ ठेवून कमरेत वाकतात, बॅग लांबूनच धरतात आणि हिसका देऊन उचलतात. "आई गं!" पाठीत उसण भरली! मग विमानात पूर्ण वेळ वाकडे बसायचे. याच वेळी बॅगेला चिकटून उभे राहिले, गुडघ्यांत वाकून बसले, पाठ सरळ ठेवली आणि पायांच्या जोराने उठले, तर तीच बॅग निमूट वर येते. पायांचे स्नायू शरीरातले सर्वांत दांडगे. पाठीचे काम वजन उपसण्याचे नसून खांबासारखे ताठ राहण्याचे आहे. आज घरी गेल्यावर आईबाबांना हे दाखवा. तुम्हांला स्क्वॉट येवो न येवो, त्यांची पाठ वाचेल.

आता दांडीकडे येऊ. मान खाली घाला आणि मागे हात लावून पाहा. एक टणक हाड लागते ना? दांडी त्या हाडावर कधीच ठेवायची नाही. दोन्ही खांदे मागे खेचले की त्याच्या खाली मांसाची उशी तयार होते. दांडीची जागा तिथे. ती उचलण्यासाठी स्टँड असतो. स्टँडच्या खाचा छातीच्या उंचीला हव्यात. त्या उंच असल्या तर दांडी काढताना चवड्यांवर उभे राहावे लागते, आणि व्यायाम सुरू होण्याआधीच तोल जातो. दांडी घेतल्यावर दोन छोटी पावले मागे यायचे. अंगणभर फिरायचे नाही! दोन्ही बाजूंना सुरक्षेच्या आडव्या दांड्या असतात. पूर्ण बसल्यावर बारबेल जिथे येते, त्याच्या किंचित खाली त्या लावायच्या. उठता आले नाही तर बारबेल त्यांच्यावर टेकवून खालून बाहेर यायचे. जवळ एक जाणता साथीदार उभा असायला हवा. गप्पा मारणारा नव्हे, लक्ष देणारा.

चकत्या सरकू नयेत म्हणून दांडीच्या दोन्ही टोकांना चाप लावतात. लहानशी वस्तू आहे. ती लावायला जेमतेम दोन क्षण लागतात, आणि म्हणूनच लोक कंटाळा करतात. एका व्यायामशाळेत मी पाहिलेली गोष्ट सांगतो. एक तरुण रात्री कामावरून सुटल्यावर एकटाच व्यायाम करत होता. त्याने चाप लावले नव्हते. उठताना दांडी जराशी कलली. एका बाजूच्या चकत्या घसरून खाली पडल्या. ती बाजू हलकी झाली. मग दुसरी बाजू धाडकन खाली गेली आणि मोकळे टोक वर उसळले. त्याचा खांदा जबर दुखावला. सहा आठवडे त्याला काम करता आले नाही. तो इथे एकटा राहत होता आणि दर महिन्याला गावी पैसे पाठवत होता. "खांदा बरा होईल हो सर," तो मला म्हणाला, "पण या महिन्यात घरी काय पाठवू?" मी काय बोलणार? त्याचे चाप तिथेच खिडकीत पडले होते.

आता आजीच्या प्रश्नाकडे वळू. तुमची हाडे अजून वाढत आहेत. लांब हाडांच्या टोकांजवळ वाढीचा भाग असतो. तो पक्क्या हाडापेक्षा नाजूक असतो. अंगावर न पेलणारे वजन घेतले, किंवा वजन घेऊन पडले, तर त्याला इजा होऊ शकते. आजीची काळजी अगदीच वाया नाही. पण डॉक्टरांनी या गोष्टीचा पुष्कळ अभ्यास केला आहे. जाणकाराच्या देखरेखीखाली, बेताचे वजन घेऊन, नीट पद्धतीने केलेल्या व्यायामाने उंची खुंटते असे त्यांना आढळलेले नाही. तेव्हा आजीला सांगा, "उंची खुंटत नाही. पण एकटा जिममध्ये जाणार नाही." तिला निम्म्यावर तरी समाधान वाटेल.

मग, "मला कधी करता येईल?" अगदी आजपासून! पण काठी घेऊन. जिममधली मोठी रिकामी दांडीच २० किलोची असते. पहिलीत शिकणाऱ्या तुमच्या भावाबहिणीचे वजन साधारण तेवढेच असेल. ती खांद्यावर घेण्याची घाई कशाला? आधी हात मोकळे ठेवून, मग काठी घेऊन. ओळीने दहा वेळा टाचा टेकलेल्या, गुडघे सरळ रेषेत आणि पाठ ताठ राहिली, तर शिक्षक तुम्हांला थोडे वजन देतील. ते किती द्यायचे ते शिक्षक ठरवतील, शेजारचा मित्र नव्हे. "तू किती उचलतोस?" अशी पैज कोणी लावली तर सरळ म्हणा, "आधी टाच न उचलता बसून दाखव."

जेद्दाची हवा तुम्हांला ठाऊक आहेच. ऊन तर आहेच, वर तांबड्या समुद्राचा दमटपणा. घाम निघतो पण वाळत नाही, आणि म्हणून अंग लवकर थंड होत नाही. दुपारी मैदानात बैठका काढायच्या नाहीत. संध्याकाळी करा, आधी थोडे चालून अंग गरम करा, आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या. पायांत चपटे, घट्ट बसणारे बूट असावेत. मऊ, जाड तळव्याचे बूट डगमगतात. चपला तर नकोतच.

पुरे झाले माझे बोलणे. भिंतीशी काठ्या ठेवल्या आहेत. एकेक उचला. उंच मुले मागे, लहान पुढे. दोघांत दोन हातांचे अंतर ठेवा. ज्यांना काठी मिळाली नाही त्यांनी हात समोर ताठ धरावेत. मघाशी कलंडलेले चौघे कुठे आहेत? या, तुम्ही माझ्याजवळ उभे राहा. दाराची चौकट धरून बसा, म्हणजे मागे पडणार नाही. पाय फाकवा. श्वास घ्या. पोट घट्ट. चला, पहिली बैठक. टाचा, टाचा! टाचा जमिनीवर!