उत्तर दिसायच्या आधी पॉज दाबा

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. मुलांकडून एक वाक्य सतत ऐकतो : "सर, व्हिडिओ बघताना सगळं कळतं, पण स्वतः गणित घेतलं की पहिली ओळच सुचत नाही." आज त्याबद्दल बोलूया.

आधी एक सांगतो, सोडवलेली गणितं बघण्यात काही वाईट नाही. धडा नवीन असताना एकाच गणितावर तासभर अडून बसण्यापेक्षा सोडवलेली दोन-तीन उदाहरणं अभ्यासणं बरं. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणिताच्या बाबतीत हे दाखवून दिलं. प्रश्न आहे तो बघायचं कसं, याचा.

१९८९ मध्ये मिशेलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेकॅनिक्सची सोडवलेली उदाहरणं वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना मोठ्याने विचार करायला सांगितलं. ज्यांना पुढे गणितं जमली, ते प्रत्येक पायरीला स्वतःला समजावत होते : हे इथे का आलं? आणि आपल्याला कुठे कळलं नाही, हेही त्यांना बरोबर कळत होतं. बाकीच्यांना तेच कळत नव्हतं.

आता आपण करून बघू. ६० किलोचा माणूस लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे. लिफ्ट वर चाललीय, पण मजला जवळ आलाय, म्हणून तिचा वेग दर सेकंदाला २ मीटर प्रति सेकंदाने कमी होतोय. काट्यावर किती बल पडेल? गुरुत्वत्वरण १० धरा.

इथे पॉज. आकडेमोड नको, फक्त अंदाज लिहा : ६०० न्यूटनपेक्षा जास्त की कमी? "लिफ्ट वर चाललीय, म्हणजे जास्त," असं बरेच जण म्हणतात.

आता पहिली ओळ बघा : ६०० वजा काट्याचं बल, बरोबर ६० गुणिले २. पुन्हा पॉज. ६०० आधी का लिहिले? कारण वर जाताना वेग कमी होतोय, म्हणजे त्वरण खालच्या दिशेला आहे. मग एकूण बलही खालीच हवं, म्हणून वजन मोठं आणि काट्याचं बल लहान. उत्तर ४८० न्यूटन. लिफ्ट कुठे चाललीय यावर उत्तर ठरत नाही, त्वरण कुठे आहे यावर ठरतं. हे वाक्य तुमच्या तोंडून निघालं, तर गणित तुमचं झालं.

मग गणित थोडं बदला. लिफ्ट खाली येतेय आणि वेग तितकाच कमी होतोय, तर? त्वरण वरच्या दिशेला, म्हणून ७२० न्यूटन. हे व्हिडिओत नसतं, आपणच करायचं.

पुढच्या उदाहरणात शेवटची पायरी झाका, त्याच्या पुढच्यात शेवटच्या दोन. असं करत करत फक्त प्रश्न उरू द्या. आणि एकदा जमायला लागलं की व्हिडिओ बंदच करा. तेव्हा तयार उत्तरं मदत करत नाहीत, वेळ खातात.

दहा व्हिडिओ दुप्पट वेगाने संपवण्यापेक्षा एकच असा संपवा. वेळ जास्त लागेल, चिडचिडही होईल. पण परीक्षेच्या हॉलमध्ये पॉज दाबायला व्हिडिओ नसतो, स्वतःला विचारलेला 'का' तेवढा बरोबर असतो.

जाता जाता एक प्रश्न : लिफ्टची दोरी तुटली, तर काटा किती दाखवेल? शोधू नका. कारणासकट लिहा. भेटूया पुढच्या भागात!