पडद्यावरील खिडक्या आणि कामाच्या खोल्या

संगणकावर काम करणाऱ्या माणसाच्या वेळेचा हिशेब मांडला तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. लिहिणे, वाचणे, आकडे जुळविणे यांत जाणारा वेळ कामाचा असतो. परंतु हवी ती खिडकी इतर खिडक्यांच्या ढिगाखालून उपसून काढण्यात जो वेळ जातो, तो निव्वळ वाया होय. त्याहून मोठी हानी अशी की, या शोधाशोधीत मनातील विचाराचा धागाच तुटतो. म्हणून खिडक्यांची व्यवस्था लावणारे साधन निवडणे हा केवळ हौसेचा प्रश्न नव्हे. तो लक्ष राखण्याचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे मूळ जुने आहे. १९८५ साली आलेल्या विंडोजच्या पहिल्या आवृत्तीत खिडक्या फरशीप्रमाणे एकमेकींना लागून बसत. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर चढू लागल्या. सोय वाढली, तसा पसाराही वाढला. त्याआधीच, १९८६ साली, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रातील ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी ‘रूम्स’ नावाची रचना मांडली होती. माणूस एका वेळी एका कामाला लागणाऱ्या मोजक्याच खिडक्या वापरतो. मग प्रत्येक कामाला स्वतंत्र खोली का देऊ नये, असा त्यांचा विचार होता. एका खोलीतून दुसरीत जाण्यास दारे होती, सर्वत्र जवळ हव्या असलेल्या वस्तूंसाठी ‘खिसा’ होता आणि जाताना सोबत न्यावयाच्या वस्तूंसाठी ‘सामान’ होते. आज ज्यांना आभासी डेस्कटॉप म्हणतात, त्यांची कल्पना या खोल्यांत पुरती दिसते.

जुन्या वाड्यात ओसरी, माजघर आणि स्वयंपाकघर वेगळे असे, ते घर मोठे दिसावे म्हणून नव्हे, तर एका कामाची वस्तू दुसऱ्याच्या आड येऊ नये म्हणून. साधन निवडतानाही हाच विवेक हवा. प्रथम पाहावे की, आपली अडचण एका खोलीतील मांडणीची आहे, की खोल्याच कमी पडण्याची.

न्यायालयीन कागदांचा अनुवाद करणाऱ्यास मूळ मजकूर, अनुवाद आणि शब्दकोश एकाच वेळी डोळ्यांसमोर हवे असतात. त्याला अनेक डेस्कटॉप देऊन काय उपयोग? त्याला हवी पडद्याची नेटकी वाटणी. विंडोजमध्ये २००९ पासून खिडकी कडेला नेऊन अर्ध्या पडद्यावर बसविता येते. अधिक बारीक वाटणी हवी असल्यास पॉवरटॉइज या विनामूल्य संचातील फॅन्सीझोन्स आहे. मॅकमध्ये अशी सोय २०२४ साली मुळातच आली. लिनक्सवर आयथ्रीसारखे व्यवस्थापक खिडक्या आपोआप फरशीसारख्या जडवितात. मात्र त्यांत बहुतेक काम कळफलकाच्या आज्ञांनी चालते आणि त्या आज्ञा अंगवळणी पडण्यास काही दिवस द्यावे लागतात.

याउलट, चार व्यापाऱ्यांचे हिशेब पाहणाऱ्या लेखापालाला एकाचे कागद दुसऱ्यात मिसळण्याचे भय असते. त्याने प्रत्येकासाठी निराळा डेस्कटॉप ठेवावा. ही सोय मॅकमध्ये २००७ पासून, तर विंडोजमध्ये २०१५ पासून आहे. विंडोज, कंट्रोल आणि डी या कळा एकत्र दाबल्या की नवा डेस्कटॉप उघडतो. डीऐवजी बाणाची कळ दाबली की शेजारच्या डेस्कटॉपवर जाता येते. लिनक्सच्या बहुतेक प्रचलित पर्यावरणांत अशी व्यवस्था अंगभूतच असते.

येथे तीन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली अशी की, खोली बदलली म्हणून मागची चूल विझत नाही. दुसऱ्या डेस्कटॉपवरील कार्यक्रम चालूच राहतात आणि स्मृती व्यापतात. यंत्र मंद असेल तर केवळ डेस्कटॉप वाढवून ते चपळ होणार नाही. दुसरी अशी की, डेस्कटॉप हा पडदा आहे, कुलूप नव्हे. दूरस्थ बैठकीत संपूर्ण पडदा दाखवीत असता चुकीची कळ दाबली गेली, तर एका पक्षकाराचा गोपनीय कागद दुसऱ्यासमोर उघडा पडतो. अशा वेळी केवळ एकच खिडकी दाखविणे श्रेयस्कर. तिसरी बाब बाहेरून आणलेल्या साधनांची. इतर कार्यक्रमांच्या खिडक्या हलविण्यासाठी मॅकवर अशी साधने व्यापक परवानगी मागतात. ती देण्यापूर्वी साधनाचा कर्ता कोण आणि त्याची देखभाल चालू आहे काय, हे पाहिलेच पाहिजे. लिनक्सवर जुन्या एक्स पद्धतीसाठी लिहिलेली कित्येक साधने नव्या वेलँड पद्धतीत चालत नाहीत, कारण एका कार्यक्रमाने दुसऱ्याच्या खिडकीत हात घालावा, हे वेलँड सुरक्षिततेस्तव सहसा मान्य करीत नाही.

यास्तव शहाणपणाचा क्रम साधा आहे. यंत्रासोबत आलेलीच सोय आधी आठवडाभर वापरावी आणि हाताला कोणती हालचाल वारंवार करावी लागते, ते टिपून ठेवावे. ती हालचाल वाचविणारे साधन मिळाले तरच ते घ्यावे. ज्याची आठवण कामाच्या ओघात येतच नाही, ते साधन योग्य निवडले गेले असे खुशाल समजावे.