मेदवृद्धी आणि आपली पंगत
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



चिटणीसांनी आम्हांस भोजनापूर्वीची वेळ दिली आणि विषय मात्र वजन उतरविण्याचा. पाकशाळेतून जिलबीचा सुवास येत असता असले भाषण ऐकणे ही आपल्या सहनशीलतेची परीक्षाच होय. आम्ही वैद्य नव्हे की डॉक्टर नव्हे. मॅट्रिक होऊन अध्यापनाचे शिक्षण घेतलेले आणि चौतीस वर्षे मुलांस अंकगणित शिकविलेले शिक्षक आहोत. तेव्हा आम्ही जे सांगू ते बहुतांशी हिशेबाचे असेल.

हाच विषय का, ते प्रथम निवेदन करतो. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी दिवंगत सभासदांची यादी येते. पूर्वी त्या यादीतील वये सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी अशी असत. अलीकडे पन्नाशीच्या आतील नावे तीत दिसू लागली आहेत आणि त्या घरी समाचारास गेले असता मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हेच शब्द कानी पडतात. हे केवळ आपल्याच ज्ञातीत घडत आहे असे नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या वतीने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांस मधुमेह असून वीस वर्षांवरील लोकांपैकी ३९.५ टक्क्यांचे पोट प्रमाणाबाहेर सुटलेले आहे.

आपला परंपरेचा धंदा लाकूडकामाचा. सागाचा ओंडका दोघांनी मिळून करवतीने कापावयाचा, दिवसभर रंधा मारावयाचा, वाकसाने तासावयाचे. अशा कष्टास तीन भाकऱ्या, कालवण आणि वर गुळाचा खडा हे अन्न जास्त नव्हते, कित्येकदा अपुरेच होते. आज रंधा विजेवर चालतो आणि त्या कारागिराचा नातू आठ तास संगणकापुढे बसतो. कष्ट गेले, पण ताट गेले नाही. उलट त्यात फरसाण, पाव, बिस्किटे आणि बाटलीतील गोड पाणी यांची भर पडली. गरिबीच्या दिवसांत पोटभर जेवू घालणे हीच माया होती. ती समजूत सुबत्तेतही आपण तशीच चालू ठेवली आहे.

बैठ्या कामाचा परिणाम काय होतो याचे एक उत्तम उदाहरण लंडन शहरात मिळते. तेथील दुमजली बसवर एक ड्रायव्हर व एक कंडक्टर असे. ड्रायव्हर दिवसभर बसून राही. कंडक्टर तिकिटे देण्यासाठी सारखा जिना चढे-उतरे. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली असे दाखवून दिले की कंडक्टरांत हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांहून कमी आहे. पुढे १९५६ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गणवेशांच्या मापांचे तक्ते तपासले, तेव्हा ड्रायव्हरांच्या विजारी कमरेस अधिक रुंद निघाल्या. शिंप्याच्या वहीतून वैद्यकशास्त्र काढणारा हा गृहस्थ आम्हांस फार आवडतो. सगळाच फरक जिन्याचा नसेल, परंतु जिन्याचा वाटा नाकारता येत नाही.

मात्र येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळ मंडळी सकाळी फिरावयास जातात आणि परतताना वडापाव किंवा जिलबी-फाफडा खाऊन येतात. अर्धा तास चालण्याने साधारण सव्वाशे-दीडशे उष्मांक खर्च होतात. एका वडापावात त्याहून कितीतरी अधिक असतात. लंडनमधीलच विल्यम बँटिंग या गृहस्थाची हकीकत ह्या बाबतीत बोधप्रद आहे. मोठमोठ्या लोकांच्या अंत्ययात्रांची व्यवस्था करणे हा त्याच्या घराण्याचा धंदा होता. वजन उतरावे म्हणून तो पहाटे नदीवर नाव वल्हवीत असे. त्याने बाहू बळकट झाले, परंतु भूक प्रचंड लागू लागली आणि वजन उलट वाढले. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, वजन २०२ पौंड असता, ऐकू कमी येते म्हणून तो डॉ. विल्यम हार्वे यांच्याकडे गेला. त्यांनी त्याचा पाव, साखर, बटाटे आणि बिअर बंद केली. वर्षभरात सुमारे ४६ पौंड वजन उतरले. १८६३ साली त्याने ही हकीकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि पुढे वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षापर्यंत तो जगला. त्याचा सर्वच आहार आम्ही अनुकरणीय मानीत नाही. त्यात मांस व मद्य भरपूर होते. सांगावयाचे इतकेच की वजन उतरते ते मुख्यतः ताटात. चालण्याने ते उतरलेले टिकते आणि शरीर निरोगी राहते. दोन्ही हवीत, पण एकाचे काम दुसऱ्यावर ढकलू नये.

आता ताटाचा हिशेब. चार माणसांच्या घरात महिन्यास पाच लिटर तेल लागते असे धरू. वजनात ते सुमारे साडेचार किलो. म्हणजे माणशी रोज अडतीस ग्रॅम झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचविलेल्या दोन हजार उष्मांकांच्या आदर्श ताटात तेला-तुपाचे प्रमाण दिवसास २७ ग्रॅम आहे. एका ग्रॅम तेलात नऊ उष्मांक, म्हणजे येथेच शंभर उष्मांक जादा. बाहेरचे तळलेले, साय, लोणी आणि तूप यांत धरलेलेच नाही. दिवसास पाच कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, हे आणखी दोनशेच्या घरात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक. रोज अडीचशे उष्मांक कमी झाले तर महिन्याकाठी जवळजवळ एक किलो उतरावे. प्रत्यक्षात शरीर काटकसर शिकते आणि काही महिन्यांनी हा वेग मंदावतो. त्या वेळी निराश होऊन पुष्कळजण सोडून देतात.

उपवासाविषयी बोलणे नाजूक आहे, तरी बोलतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास स्निग्धांश. त्यांत तूप आणि बटाटा मिळविला की एकादशीस आपण नेहमीपेक्षा जड जेवतो. देवाचे आम्ही काही बोलत नाही, खिचडीचे बोलतो.

“आम्ही काही लठ्ठ नाही” असे म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील स्नेही डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली आपले एकत्रित छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी समान. दोघांचाही निर्देशांक २२.३. परंतु याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के, तर युडकिनांच्या ९.१ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगीही चरबी दडलेली असते, ती अशी. म्हणून काट्यापेक्षा शिंप्याची फीत अधिक खरे सांगते. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत व स्त्रियांची ८० च्या आत असावी, असे भारतीयांसाठीचे मान तज्ज्ञांनी ठरविले आहे.

आमच्या स्वतःच्या घरचा अनुभव सांगितल्यास तो आत्मश्लाघा समजू नये, कारण त्याचे श्रेय आमचे नाहीच. आमचे वजन चौदा महिन्यांत एक्याऐंशी किलोंवरून बहात्तरावर आले ते आमच्या सौ.मुळे. तिने महिन्याचे तेल मोजून वेगळ्या बरणीत काढले. भाताचे पातेले पानाजवळ न आणता ओट्यावरच ठेवले. पुन्हा हवा असेल त्याने उठून घ्यावा. पानात प्रथम कोशिंबीर, पालेभाजी व उसळ, नंतर भाकरी, शेवटी भात. रात्रीचे जेवण नवाऐवजी साडेसातला. मधले सात आठवडे काटा तसूभर हलला नाही, तरी तिने क्रम मोडला नाही. जेवणानंतर दोघे मिळून चालतो. दहा हजार पावलांचा आकडा ऐकून वृद्धांनी घाबरू नये. तो जपानात १९६५ च्या सुमारास पावले मोजण्याच्या यंत्राबरोबर रूढ झाला. २०१९ साली अमेरिकेतील वृद्ध स्त्रियांच्या अभ्यासात सुमारे साडेसात हजार पावलांपुढे अधिक लाभ दिसला नाही, आणि साडेचार हजारांनीही पुष्कळ फरक पडलेला दिसला.

भगिनींविषयी दोन शब्द. घरातील स्त्री सर्वांच्या मागून जेवते आणि उरलेले अन्न टाकवत नाही म्हणून तेही आपल्याच पानात घेते. तिच्या वजनाची थट्टा करणाऱ्या पुरुषांनी उरणार नाही इतकेच रांधावयास सांगावे, आणि तिला चालावयास जाण्यास रोज अर्धा तास मोकळा द्यावा. तसेच, वधूवर मेळाव्यापूर्वी काही मुली महिना महिना उपाशी राहतात असे आमच्या कानी आले आहे. हे अत्यंत अनिष्ट आहे. मुलीचे वजन तोंडावर काढणाऱ्या वरपक्षाने स्वतःची कंबर आधी मोजावी.

ज्यांस मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून जेवण कमी करू नये. साखर एकाएकी उतरून घात होतो. वजन उतरविणारी नवी इंजेक्शने २०२५ साली आपल्या देशातही आली. ती कोणास द्यावी हे डॉक्टरांनी ठरवावे. मात्र ती थांबविल्यावर उतरलेल्या वजनापैकी बराच भाग वर्षभरात परत येतो, असे दिसून आले आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो मंडळासाठी आहे. घरी कोणी कितीही पथ्य पाळले तरी ज्ञातीच्या पंगतीत ते टिकत नाही. “आमच्या गळ्याची शपथ” म्हणून चौथी जिलबी पानात पडते आणि नाही म्हणणारा गर्विष्ठ ठरतो. आग्रह हे आपले भूषण आहे, हे आम्ही मान्य करतो. तो ताकाचा करावा, काकडीच्या कोशिंबिरीचा करावा. म्हणून आम्ही अशी सूचना मांडतो: पुढील संमेलनात पक्वान्न एकच असावे, तेही मागणाऱ्यासच दुसऱ्यांदा वाढावे; पानावर हात आडवा धरणाऱ्यास वाढप्याने सोडून पुढे जावे; आणि नोंदणीच्या मेजाशेजारी एक वजनकाटा, एक फीत व रक्तातील साखर तपासण्याची सोय ठेवावी. आपल्यात डॉक्टर झालेली मुले-मुली आता पुष्कळ आहेत. त्यांतील दोघांनी हे काम आनंदाने स्वीकारले आहे. सूचना लेखी स्वरूपात चिटणीसांच्या हाती दिली असून ती आजच्या सर्वसाधारण सभेत, भोजनोत्तर, चर्चेस यावी अशी विनंती आहे.