झोपेला समेची वाट पाहायला लावू नका

सवाई गंधर्व महोत्सव रात्र-रात्र चालायचा तेव्हाची गोष्ट. रमणबागेच्या मैदानावर शाल गुंडाळून बसलेला मी पहाटेच्या सुमाराला हमखास पेंगायचो. शेजारचे रसिक कोपरानं ढोसायचे. तीच झोप साठीनंतर घरच्या गादीवर येईना. पत्नी गेली त्या वर्षी तर रात्री दोनला जाग यायची ती उजाडेपर्यंत. डॉक्टरांनी गोळी दिली, पण बजावलं, "थोडेच दिवस हं. सवय लावून घेऊ नका."

मग म्हटलं, गाणं ऐकू. पं. ओंकारनाथ ठाकुरांनी पूरिया गाऊन मुसोलिनीला झोपवल्याची गोष्ट आपल्याकडे चवीनं सांगतात. खरीखोटी देव जाणे. मी भीमसेनजींचा विलंबित ख्याल लावला आणि टक्क जागा झालो! कान समेची वाट पाहत राहायचे. सम आली की मान हलायची. मान हलली की झोप उडाली. पुणेकराला गाणं नुसतं कानावर पडू देता येत नाही, ही आपली जुनी खोड.

शेवटी मुलीनं इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावून दिला. त्याला ना सम, ना तिहाई. पुढे काय येणार याची उत्सुकताच नाही. आवाज इतका बारीक, की पंख्याखाली जेमतेम ऐकू यावा. पहिला आठवडा काहीच घडलं नाही. मी वैतागलो. तिनं बंद करू दिला नाही. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी, लावल्यानंतरचं मला काही आठवेना.

हे माझ्या एकट्याचं नाही. कॉक्रेन या संस्थेनं २०२२ साली १३ चाचण्यांचा आढावा घेतला. निद्रानाशाची तक्रार असलेली १००७ प्रौढ माणसं त्यांत होती. संगीत ऐकणारे रोज २५ ते ६० मिनिटं ऐकत, कुणी तीन दिवस, कुणी तीन महिने. झोप अधिक चांगली लागते, असं त्यांनी सांगितलं. मधूनमधून येणारी जाग त्यानं कमी होते का, याचं उत्तर मात्र पक्कं मिळालेलं नाही. मलाही अजून कधीकधी दोनला जाग येते. पण घोरताना श्वास अडकत असेल, तर तंबोऱ्याच्या नादी लागू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

परवा मुलगी कुरकुरली, "बाबा, तुम्ही घोरायला लागता आणि तंबोरा बंद करायला मला उठावं लागतं."