आधीं बोल, मग अक्षर

(नंदुरबार जिल्ह्यांतील एका गांवीं शाळेच्या पालकसभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



आज मजुरी बुडवून आपण येथें आलां आहांत. ज्याचें पोट हातावर आहे, त्याचा दिवस फुकट घालवणें हें पाप आहे. म्हणून लांबण न लावतां मुद्द्यावर येतों.

मुलाला शाळेंत कशासाठीं घातलें, असें मी पुष्कळांना विचारतों. कोणी म्हणतो नोकरी लागावी म्हणून, कोणी म्हणतो चार अक्षरें यावींत म्हणून. दोन्ही उत्तरें बरोबर आहेत. पण चार अक्षरें आलीं हें ओळखायचें कसें? मूल पुस्तक उघडून घडाघडा म्हणतें, वही भरून आणतें, आणि आपण समाधान मानतों. बाजारांत बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, त्याला चालवून पाहतों. मग मुलाच्या विद्येची पारख आपण कां करूं नये?

शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या मुलाला काय शिकवावें, हा प्रश्न आजचा नाहीं. १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें आपलें निवेदन मांडलें. मोडी व बाळबोध वाचणें-लिहिणें, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतकीचें प्राथमिक ज्ञान, आणि नीति व आरोग्य यांचे धडे हें सर्व प्राथमिक शाळेंत असावें, निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचें करावें, असें त्यांनीं मागितलें. शिक्षक शेतकरी वर्गांतून तयार व्हावेत, म्हणजे ते लोकांत मोकळेपणानें मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, हेंहि त्यांनीं सांगितलें. पुढें बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १९०६ सालीं आपल्या सर्व राज्यांत शिक्षण सक्तीचें केलें. आपल्या नवापुराला लागून असलेलें सोनगड त्याच राज्यांतलें. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं तोच कायदा केला. सबंध देशाला मुलांच्या शिक्षणहक्काचा कायदा मिळायला २००९ साल उजाडलें. आतां शाळा दाराशीं आली आहे. तरी २०११ च्या शिरगणतींत सबंध महाराष्ट्रांत शंभरांत सुमारें ८२ साक्षर निघाले, तेव्हां आपल्या जिल्ह्यांत सुमारें ६४ च निघाले. राज्यांत सर्वांत मागें आपण. तेव्हां शाळेच्या दाराच्या आंत काय चालतें, तें आपण पाहिलें पाहिजे.

आपल्या जिल्ह्यांत किती बोली आहेत ते आठवा. सातपुड्यांत भिली आणि पावरी, नवापुराकडे मावची आणि कोंकणी, तापीकांठीं गुजरी, आणि बाजारांत सगळीकडे अहिराणी. ग्रिअर्सन नांवाच्या साहेबानें सबंध हिंदुस्थानच्या भाषांची पाहणी केली, तेव्हां १९०७ सालीं भिल्ली, खानदेशी, बंजारी अशा बोलींसाठीं त्याला एक वेगळा ग्रंथच काढावा लागला. ज्या बोलींचा सरकारदरबारीं ग्रंथ झाला, त्या बोलींना आमच्या शाळेंत मात्र अजून बसायला जागा मिळत नाहीं.

सहा वर्षांचें मूल पहिल्या दिवशीं शाळेंत येतें. घरीं तें दिवसभर चिमणीसारखें बोलत असतें. गुरें कुठें गेलीं, करडूं कसें झालें, आजोबा काय म्हणाले, सारें सांगतें. शाळेंत आलें कीं मास्तर ज्या भाषेंत बोलतो ती त्याला परकी. त्यानें अहिराणींत म्हटलें, 'माले भूक लागनी,' कीं पोरें हंसतात. कोणी म्हणतें, 'असें नाहीं, नीट बोल.' एकदां हंसे झालें, दुसऱ्यांदां दटावलें गेलें, कीं तें मूल तोंड मिटतें. आम्ही शिक्षक त्याला शांत म्हणतों, घरचे त्याला गरीब म्हणतात. आणि तें तोंड पुष्कळदां जन्मभर मिटलेलेंच राहतें, मग ती ग्रामसभा असो कीं कचेरी.

या मुक्या झालेल्या मुलाला आम्ही अक्षरें शिकवायला बसतों. तें बाराखडी म्हणतें, धडा म्हणतें, पण घाण्याच्या बैलासारखें. बैल कोसभर चालतो आणि जागच्या जागीं राहतो. शब्दाचा अर्थच ज्याच्या मनांत नाहीं, त्याला त्या शब्दाचें अक्षर काय सांगणार? म्हणून माझें म्हणणें एवढेंच आहे: आधीं बोल, मग अक्षर. मुलाला त्याच्या घरच्या बोलींत मोकळें बोलूं द्या, त्याच बोलीच्या खांद्यावर बसवून त्याला मराठीच्या पार न्या.

कोणी म्हणेल, 'मास्तर, घरची बोली घरीं येतेच, शाळेंत आम्हांला चांगली भाषा पाहिजे. उद्यां तालुक्याला कोण भिलीत बोलणार?' हें म्हणणें रास्त आहे. तुमच्या मुलाला उत्तम मराठी आली पाहिजे, पुढें इंग्रजीहि आली पाहिजे. त्यांत तिळमात्र कमी नको. पण नदीपलीकडे जायचें असेल तर पाय अलीकडच्या कांठावरच टेकावा लागतो. आपल्या घटनेंत १९५६ सालीं ३५० अ हें कलम घातलें गेलें. भाषेनें अल्पसंख्य असलेल्या समाजाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याची सोय राज्यांनीं करावी, असें त्यांत आहे. २००९ चा कायदाहि शक्य तेथवर मातृभाषेंतून शिकवा असेंच सांगतो. तेव्हां ही कोणाची मेहेरबानी नव्हे.

आतां हें वर्गांत कसें करायचें, तें सांगतों. अध्यापक विद्यालयांत शिकलेलें कांहीं त्यांत आहे, मुलांनीं मला शिकवलेलें त्याहून अधिक आहे.

पहिलें बोलणें. पहिलीच्या आरंभीं कांहीं आठवडे पुस्तकाची घाई करूं नये. मूल आपल्या बोलींत सांगेल, मास्तरानें तेंच मराठींत म्हणून दाखवावें. हंसूं नये, खोडूं नये. मास्तराला तुमच्या बोलीचे शेंदोनशें शब्द आलेच पाहिजेत, आणि ते शिकवायला मुलांसारखा गुरु नाहीं. प्रश्न असा विचारावा कीं ज्याला नुसतें 'हो' म्हणून सुटतां येणार नाहीं. 'काल बाजारांत गेलास का?' याला मान हालवून भागतें. 'बाजारांत काय काय पाहिलेंस?' म्हटलें कीं तोंड उघडावें लागतें. एका वर्गांतून दुसऱ्या वर्गांत निरोप न्यायला सांगावा. निरोप पोंचवतांना शब्द जुळवावे लागतात. बोलण्यानें माणूस कसा उभा राहतो, हें आपल्या जिल्ह्यानें पाहिलें आहे. १९३७-३८ सालीं तळोद्याकडे गुला महाराजांनीं आणि त्यांच्यामागें रामदास महाराजांनीं दारू सोडा असें सांगितलें, आणि एकमेकांना 'आप' म्हणा असें शिकवलें. ज्याला सारे जग अरेतुरे करी, त्याला त्याचाच भाऊ 'आप' म्हणूं लागला. शाळेंत प्रत्येक मुलाच्या वांट्याला एवढा मान यावा.

दुसरें वाचणें. आधीं सगळीं अक्षरें, मग काना-मात्रा, मग शब्द, असा जुना क्रम आहे. त्यांत मुलाला अर्थाचें तोंड दिसायला वर्ष जातें. त्याऐवजीं त्याच्या ओळखीच्या शब्दांपासून निघावें. 'याहा' म्हणजे आई. डाबच्या याहा मोगी मातेचें नांव कोणत्या पोराला ठाऊक नाहीं? 'याहा' लिहून दाखवला कीं य आला, ह आला, काना आला. मग 'घर' घ्यावें, 'बकरा' घ्यावा. चार-सहा अक्षरें आणि एक-दोन खुणा येतांच लहान वाक्य करावें. आपल्या लिपींत अडचणीच्या जागा आहेत. 'दिवस' शब्दांत वेलांटी द च्या आधीं लिहायची आणि उच्चारायची द च्या मागून. 'सूर्य' मधला र कुठें आहे म्हणून मूल शोधत बसतें. येथें मूल मंद नसतें, जागाच अडचणीची असते. तेथें थांबून हळू न्यावें.

आणि वाक्य वाचून झालें कीं अर्थ विचारावा. 'शेळी नदीवर पाणी प्यायली.' कोण प्यायली? कुठें? उत्तर त्यानें आपल्या बोलींत दिलें तरी चालेल. वाचलेलें त्याला समजलें, हीच परीक्षा.

तिसरें लिहिणें. फळ्यावरचें सुंदर अक्षरांत उतरवलेली वही पाहून आपण खूष होतों. त्यांत बोटाला वळण लागतें, पण मनांतलें कागदावर येत नाहीं. मुलानें रोज एक तरी वाक्य स्वतःचें लिहावें. त्यानें 'मास्तर उना' असें लिहिलें तर लाल शाईनें काट मारूं नये. खालीं 'मास्तर आले' असें लिहून द्यावें. दोन्ही पाहून तें फरक शिकतें. काठीच्या होळीचें वर्णन, घरीं आमचूर कसा करतात, मिरचीच्या पथारीवर आई दिवसभर काय काम करते, हे लिहिण्याचे विषय. आठवडेबाजाराची यादी मुलाकडून लिहून घ्या.

याचा उपयोग काय, तेंहि ऐका. दिवाळी झाली कीं आपल्यांतले पुष्कळजण ऊसतोडीला गुजरातेंत जातात. मुकादम उचल देतो, त्याच्या वहींत आंकडा पडतो. किती दिवस भरले, किती टन भरला, किती फिटलें, हें त्याच्याच वहींत. तुमच्या घरीं तिसरी-चौथीच्या पोरीनें तारीखवार तोच हिशेब दुसऱ्या वहींत लिहिला, तर हंगाम संपल्यावर बोलायला तुमच्या हातांत कांहीं राहील.

अंगठ्यानें आपलें काय केलें, हें शहादें-तळोदें भागाला सांगायला नको. ज्याला वाचतां येत नव्हतें त्याच्या जमिनी कागदावर गेल्या. अंबरसिंग महाराज उभे राहिले, १९७२ सालीं श्रमिक संघटनेची चळवळ झाली. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा झाला. २००६ सालीं वनहक्काचा कायदा आला. त्याचा दावा ग्रामसभेपुढें मांडायचा असतो, आणि त्यांत म्हाताऱ्या माणसांनीं सांगितलेली हकीगत पुरावा म्हणून चालते. मात्र ती लिहून घेतलेली असली पाहिजे. म्हाताऱ्याला डोंगराचा कोपरा न कोपरा पाठ आहे, तो आपल्या बोलींत सांगतो. ती ऐकून, समजून, मराठींत नीट उतरवणारा कोण? ज्याला दोन्ही भाषा येतात तो. तो तुमच्याच घरचा असावा असें मला वाटतें.

आतां तुमचें काम. 'आम्हांला वाचतां येत नाहीं, आम्ही काय करणार?' असें म्हणूं नका. वाचतां न येणाऱ्या आईलाहि परीक्षा घेतां येते. मुलाला पुस्तक मधूनच उघडायला सांगा, चित्रावर हात ठेवा, मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून हा कोणता तें विचारा. पाठ केलेलें मूल येथें अडेल. मग 'यांत काय सांगितलें आहे, आपल्या बोलींत सांग,' असें म्हणा. रोज संध्याकाळीं चूल पेटेपर्यंत एवढें केलें तरी पुरे.

धाकट्याला सांभाळायला म्हणून मुलीला घरीं ठेवूं नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डीला व पुढें कोसबाडला काम केलें. वारल्यांचीं पोरें शाळेंत येत नाहींत असें दिसलें, तेव्हां त्यांनीं शाळाच पाड्याच्या अंगणांत नेली, गुरें चारणाऱ्या पोरांसाठीं कुरणांत नेली. आपल्याकडे अंगणवाडी आहे. धाकटें तेथें बसेल, मोठी येथें शिकेल. ऊसतोडीला जातांना मूल आजीजवळ ठेवतां आलें तर ठेवा. न्यावेंच लागलें तर शाळेंतून शिक्षण हमी पत्रक घेऊन जा आणि जाल तेथल्या शाळेंत दाखवा. चार महिने सुटलेलें वाचन पावसाळ्यांत सोडलेल्या वाटेसारखें झाडोऱ्यानें बुजतें.

शेवटची गोष्ट. कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत चारांतले तीन सभासद पालक असतात, आणि समितींत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. तेथें नुसती सही करून उठूं नका, ज्या बोलींत बोलतां येईल त्या बोलींत बोला. पुढच्या सभेला तुम्हींच बाजारांतून एक वर्तमानपत्र आणा आणि तिसरी-चौथीचें कोणतेंहि मूल उभें करा. आम्हीं निवडलेलें नको, तुम्हीं निवडलेलें. तें वाचील, अर्थ सांगेल, आणि त्यावर आपल्या मनचें एक वाक्य फळ्यावर लिहील, अशी परीक्षा घ्या. त्यांत मूल उणें पडलें तर त्याला मारूं नका, मला जाब विचारा. मी पगार त्याचाच घेतों.

 आतां आपण बोलावें, मी ऐकतों.