विषमुक्त शेती, पण कोणाच्या डोक्यावरून?



सेंद्रिय शेतीचा विषय निघाला की श्रीलंकेचं नाव येतंच. ‘तिथे करून पाहिलं, देश बुडाला,’ असं म्हणून चर्चा बंद केली जाते. मला ती आज उघडायची आहे.

आधी घडलं ते पाहू. २०१९ च्या निवडणुकीत गोटाबाया राजपक्षे यांनी दहा वर्षांत सेंद्रिय शेतीकडे जाण्याचं आश्वासन दिलं होतं. प्रत्यक्षात मे २०२१ मध्ये रासायनिक खतं आणि कीटकनाशकांच्या आयातीवर एकदम बंदी आली. दहा वर्षांचं काम एका हंगामात! परकीय चलन आटलं होतं, खतावरचा खर्च वाचवायचा होता, हेही त्यामागचं कारण होतं. ऑक्टोबरमध्ये चहाला सूट मिळाली, नोव्हेंबरमध्ये बंदी बहुतांशी उठली. पण पेरणी थांबत नसते. २०२२ मध्ये भाताचं उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं घटलं.

म्हणजे सेंद्रिय शेती हरली का? मला वाटतं, हरली ती फतव्यानं होणारी शेती. या हिशेबात एक आकडा कोणी धरलाच नव्हता. तो म्हणजे बाईचे श्रम.

साधं गणित करू. युरियाच्या ५० किलोच्या गोणीत २३ किलो नत्र असतं. कंपोस्टमध्ये शेकडा एक धरलं, तर तेवढ्याच नत्रासाठी २३०० किलो कंपोस्ट लागेल. ते कुजवायचं कोणी? पाट्या डोक्यावरून वाहायच्या कोणी? तणनाशक बंद झालं की खुरपं कोणाच्या हातात येतं? आपल्याकडेही उत्तर वेगळं नाही. सरकारी कागदावर ‘आयात वाचली’ असं लिहिलं जातं, तेव्हा तो खर्च कुठेतरी बाईच्या पाठीवर टाकलेला असतो.

चहाच्या मळ्यांत पाहा. तिथे पानं खुडणाऱ्या बहुसंख्य बाया तमिळ आहेत. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात दक्षिण भारतातून नेलेल्या मजुरांच्या या लेकी-नाती. १९४८ च्या कायद्यानं त्यांच्या समाजातल्या बहुतेकांना नागरिकत्वही नाकारलं होतं. त्यांची मजुरी किलोच्या उद्दिष्टाशी बांधलेली असते. झुडपाला पालवी कमी फुटली, तर तोटा मळेवाल्याचा होतोच. पण चूल आधी खुडणारीची विझते.

तरीही जुन्याकडे परत जा, असं मी म्हणणार नाही. राजरटा भागात भातशेती करणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचा जीवघेणा आजार पसरला आहे. त्याच्या कारणांवर शास्त्रज्ञांचं एकमत नाही, पण शेतीतल्या रसायनांवर संशय आहे. विषाची भीती खोटी नाही. आपण २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीतले मृत्यू पाहिलेच आहेत. रासायनिक शेतीत बाई सुखी होती, असं कोणी सांगू नये.

मग पुढची वाट कोणती? जमिनीचा कस वाढायला वर्षं लागतात. त्या वर्षांत घटणाऱ्या उत्पन्नाची भरपाई आधी ठरायला हवी. शेणखत, हिरवळीचं खत, बियाणं गावातच तयार व्हायला हवं आणि त्या कामाला मजुरी हवी. मुख्य म्हणजे जमीन हवी. श्रीलंकेत १९३५ च्या कायद्यानुसार सरकारनं वाटलेल्या जमिनीच्या वारसात मुलींआधी मुलांचा नंबर लागायचा. ती तरतूद बदलायला २०२२ उजाडलं. जी जमीन उद्या दिराच्या किंवा भावाच्या नावावर जाणार, तिचा कस वाढवण्यासाठी बाईनं आज का झिजावं?

म्हणून पुढच्या वेळी तुमच्या गावात ‘विषमुक्त गाव’ म्हणून सभा भरली, तर जरूर जा. मागे बसू नका. आणि तीन प्रश्न विचारा: खत कोण वाहणार, मजुरी किती, आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचं? या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय अंगठा उमटवू नका.