रोकड्या धर्माचा हिशेब

(संत गाडगेबाबा पुण्यतिथीनिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात भरलेल्या विद्यार्थी-स्वयंसेवक मेळाव्यात रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर गाडगेबाबांनी देह ठेवला. भुकेल्याला अन्न, बेघराला आसरा, रोग्याला औषधोपचार अशी दहा कामे त्यांनी समाजाला सांगितली आणि त्यांनाच ‘रोकडा धर्म’ म्हटले. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे असल्याने ‘रोकडा’ या शब्दाचे मोल आम्हांस चटकन कळते. त्यात पुढच्या जन्माचा वायदा नाही आणि उधारीचे पुण्यही नाही. समोरच्याची गरज आज भागली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. त्या धर्माचा हिशेब आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. त्यात आमच्याकडे राहिलेली एक बाकी आहे, तीही सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी रेल्वे स्थानकाच्या पुलाखाली राहणारे एक वृद्ध गृहस्थ आपल्याकडे दाखल झाले. मधुमेह होता आणि पायाची जखम चिघळली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ साली लागू झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. एकूण देयकांच्या २ टक्के रक्कमही निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. त्या निधीतून या गृहस्थांचा सर्व खर्च झाला. जखम भरू लागली. सुट्टीच्या दिवशी औषधे दिली, मलमपट्टीच्या तारखा लिहून दिल्या. कागदावर पत्त्याचा रकाना मात्र रिकामा राहिला. त्याकडे कोणी पाहिले नाही; आम्हीही नाही.

तीन आठवड्यांनी हेच गृहस्थ पुन्हा आले. त्यांना आणणारी चार-पाच महाविद्यालयीन मुले होती. ही मुले रात्री पुलाखाली पिठले-भाकरी वाटत असत. या वेळी डॉक्टरांना गुडघ्याखालचा पाय काढावा लागला. एका मुलीने आम्हांस सरळ विचारले, “सर, तुम्ही आजोबांना सोडलंत, पण कुठे सोडलंत?”

आमच्या वह्या चोख होत्या, निधीचा विनियोग नियमाप्रमाणे होता, लेखापरीक्षकांचा कोणताही आक्षेप नव्हता. तरीही त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

असाच एक प्रश्न १८३३ साली पॅरिसमध्ये विचारला गेला होता. फ्रेडरिक ओझानाम हा कायद्याचा विद्यार्थी तेव्हा वीस वर्षांचा होता. वादसभेत सहाध्यायांनी त्याला टोचले, की तुमच्या धर्माने पूर्वी पुष्कळ केले असेल, आज गरिबांसाठी तुम्ही काय करता? आदल्याच वर्षी पटकीच्या साथीने त्या शहरात हजारो माणसे दगावली होती. ओझानाम आणि त्याचे मोजके मित्र गरिबांच्या घरी जाऊ लागले. सिस्टर रोझाली रेंदू या सेवाव्रती संन्यासिनीने त्यांना वस्तीची वाट दाखवली आणि माणसांशी कसे वागावे हेही शिकवले. त्यातून सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. आज तिचे काम जगभर चालते. मदत कोणाच्या हाती पाठवून न देता स्वतः दारी जावयाचे, बसावयाचे, विचारपूस करावयाची, ही त्यांची रीत होती.

आपल्याकडे गाडगेबाबांनी नाशिक, पंढरपूर, आळंदी, मुंबई येथे धर्मशाळा उभारल्या, मात्र आपल्या आप्तांना त्या संस्थांच्या लाभापासून दूर ठेवले. त्यांच्या नावाच्या दादर येथील धर्मशाळेत मुंबईस उपचारांसाठी येणारे कर्करुग्ण व त्यांचे नातेवाईक आजही राहतात. रुग्णालयातील खाट आणि बाहेरचा आसरा ही एकाच उपचाराची दोन अंगे आहेत, हे त्या धर्मशाळेत राहिलेल्या प्रत्येक कुटुंबास ठाऊक आहे. आम्हांस मात्र ते एका वृद्धाचा पाय गेल्यावर उमगले.

त्यानंतर आपण एक नियम केला. पत्त्याचा रकाना रिकामा असलेला कोणताही रुग्ण परस्पर घरी सोडावयाचा नाही. सुट्टीच्या आधी समाजसेवा विभागाने विद्यार्थ्यांशी बोलावयाचे. मलमपट्टीला कोण घेऊन येणार, रात्रनिवाऱ्यात जागा मिळते का, जेवणाची सोय काय, हे ठरल्यावरच कागदावर सही होते.

जेवणाचा प्रश्न औषधाइतकाच महत्त्वाचा आहे, हे देणगीदारांस सांगणे आवश्यक वाटते. इन्सुलिन घेतले आणि वेळेवर जेवण मिळाले नाही, तर साखर एकाएकी उतरून जिवावर बेतते. उन्हाळ्यात पदपथावर ते ठेवावयाचे तरी कोठे? अशा एका रुग्णासाठी मुलांनी कोपऱ्यावरील दूध डेअरीच्या मालकांना गळ घातली आणि त्यांनी फ्रीजमध्ये एक कप्पा मोकळा करून दिला. क्षयरोगाचेही तसेच. पोषण आहारासाठी केंद्र शासन २०१८ पासून क्षयरुग्णांच्या बँक खात्यात दरमहा ५०० रुपये जमा करीत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० रुपये झाले. पण ज्याला घर नाही, त्याला खाते कोठून असणार? कागदपत्रे जमवण्यासाठी त्याच्यासोबत रांगेत उभे राहणारे कोणी लागते. आपल्या मुलांनी अशा कितीतरी दुपारी रांगेत घालवल्या आहेत.

या मुलांत वारकरी घरांतील मुले आहेत, चर्चच्या युवक मंडळातील आहेत, गुरुद्वाऱ्यात लंगरची सेवा करणारी आहेत, रमजानचा उपवास सोडून वाटपाला येणारी आहेत. प्रत्येकाला या कामाकडे त्याच्या श्रद्धेने आणले, हे आम्ही आदराने मान्य करतो. मात्र तीन पथ्ये सर्वांसाठी सारखी आहेत. घेणाऱ्याची जात किंवा धर्म विचारावयाचा नाही. नाव मात्र जरूर विचारावयाचे. अन्नाच्या बदल्यात प्रार्थना किंवा नामस्मरण मागावयाचे नाही. हात पसरलेल्या माणसाचे छायाचित्र काढावयाचे नाही, मग ते या अहवालासाठी का असेना. म्हणूनच या पानावर आपणांस एकही छायाचित्र दिसणार नाही.

विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडे आमची एक मागणी आहे. मार्च महिन्यात तुमच्या परीक्षा येतात आणि मे महिन्यात तुम्ही गावी जाता. भुकेला सुट्टी नसते. म्हणून वर्षारंभीच पाळ्या ठरवा आणि आपल्या जागी कोण येणार हे सांगून मगच जा. जो रोज येईल म्हणून वाट पाहिली जाते, तो न सांगता नाहीसा झाला तर मन अधिक दुखावते.

देणगीदारांस विनंती अशी की, सणावाराला अन्नदानासाठी येणारे हात पुष्कळ असतात. त्या दिवशी पुलाखाली चार ठिकाणांहून पुऱ्या येतात आणि काही वाया जातात. नंतरचा मंगळवार मात्र कोरडा जातो. आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ एखादा असा साधा मंगळवार वर्षभरासाठी स्वीकारावा. त्या रकमेची पावती मिळेलच. ती कशी खर्च झाली हे पाहावयास एखाद्या रात्री मुलांबरोबर यावे, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

ते वृद्ध गृहस्थ आज महापालिकेच्या रात्रनिवाऱ्यात राहतात, कृत्रिम पायावर हळूहळू चालतात आणि तपासणीला नियमित येतात. परवा नोंदणी खिडकीवर लिपिकाने पत्ता विचारला, तेव्हा त्यांनी निवाऱ्याचा पत्ता ठणठणीत आवाजात सांगितला. त्यांचा पाय मात्र आम्हांस परत देता आलेला नाही. ती बाकी आमच्या नावावर कायम आहे. पुढील रुग्णाच्या बाबतीत ती पुन्हा चढू नये, यासाठी आपण सर्वांनी साथ द्यावी, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.